वाचनगटाची आठवण : रविवारी डायनाचं चरित्र

सभासदहो, येत्या रविवारी अँड्र्यू मॉर्टन यांनी लिहिलेल्या डायनाच्या चरित्रावर बोलायचं आहे. पुस्तक अजून उघडलंच नसेल तर निदान लग्नापर्यंतचा भाग वाचून या. मागच्या खेपेसारखं 'चाळलं होतं' चालणार नाही!

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे चरित्र जून १९९२ मध्ये आलं, तेव्हा माहिती मित्रमंडळींकडून मिळाली असंच सगळे समजत होते. प्रत्यक्षात मॉर्टन प्रश्न लिहून एका मित्राच्या हाती पाठवत आणि डायना केन्सिंग्टन पॅलेसमध्ये बसून टेपवर उत्तरं देत असे. हे उघड झालं १९९७ मध्ये, ती गेल्यावर. म्हणजे हे चरित्र म्हणायचं की दुसऱ्याच्या नावावरचं आत्मकथन? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. चार्ल्सची बाजू त्यात फारशी नाही, हेही त्यामुळेच.

साखरपुड्याच्या मुलाखतीचा प्रसंग जरूर पाहा. प्रेमात आहात का, असं विचारल्यावर ती एकोणीस वर्षांची मुलगी लगेच 'अर्थातच' म्हणते आणि शेजारी उभा असलेला चार्ल्स पुस्ती जोडतो, 'प्रेमात असणं म्हणजे जे काही असेल ते.' कॅमेऱ्यासमोर!

पुस्तकात बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ते उलटून टाकण्याचा आजार) आणि स्वतःला इजा करून घेण्याचे उल्लेख आहेत. ज्यांना ते जड जाईल त्यांनी ती पानं बिनदिक्कत वगळावीत.

अपघाताबद्दलच्या कटकथा मात्र चर्चेत आणू नयेत, ही विनंती. त्यात अख्खा तास जातो.