मतदार नसूनही उत्तर आले

महोदय,

मी मुलाकडे न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्ड आहे, मतदानाचा हक्क नाही. हयात मिरजेच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे अमेरिकेतल्या शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्या ऐकल्या की घास उतरत नाही. मुलगा म्हणाला, "आई, मग खासदाराला लिही की!" मला वाटले, चेष्टा करतोय. पण खासदारांच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, झिप कोड आणि विषय एवढेच विचारले होते. कोणाच्या ओळखीने आलात, हा रकानाच नाही. बंदुकांच्या कायद्याबद्दल मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून टाकले.

उत्तर टपालाने आले. पाकिटाला तिकीट नाही. तिकिटाच्या जागी खासदारांची सही छापलेली. सरकारी कामाच्या टपालाला तीच चालते. आत दीड पानाचे पत्र: तुमची काळजी समजते, पण तुम्ही म्हणता त्या तरतुदीला माझा पाठिंबा नाही, कारण अमुक अमुक. साचेबंद मजकूर असणार, कुणा सहायकाने लिहिलेला, एवढे मलाही कळते. तरी न पटलेल्या माणसाने कारणे कळवली, याचे अप्रूप वाटले. पुढे समजले की तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा राज्यांना वाटताना मतदार मोजत नाहीत, राहणारी सगळी माणसे मोजतात. म्हणजे त्या हिशेबात मीही आले. गाऱ्हाणे मांडायचा हक्क तर तिथल्या घटनेत 1791 पासून आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? घटनेच्या 350व्या कलमाने कोणालाही आपले गाऱ्हाणे केंद्राच्या अधिकाऱ्याकडेसुद्धा मराठीत मांडता येते. शिवाय आपला आमदार लग्नात, दहाव्याला, गणपतीत समोर भेटतो. तिकडच्या खासदाराला मी अजून पाहिलेले नाही. आपल्याकडे वाण आहे ती कागदाची. "साहेबांच्या कानावर घातलंय" एवढ्यावर आपण घरी येतो, आणि तेही कुणा कार्यकर्त्याला गाठून.

सध्या सांगलीत आले आहे. भावाच्या शेतावरची विजेची डीपी (रोहित्र) जळाली आहे, द्राक्षबागेला पाणी नाही. अर्ज मीच लिहिला आणि एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, पोच कशाला? साहेबांना सांगतो की." सांगाच, म्हटले, पण आधी शिक्का. त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि त्या डीपीवर आणखी किती जणांच्या मोटारी आहेत, तेही विचारून लिहून घेतले. उत्तराची वाट पाहते आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली