नावं विचारायची राहून गेली

लेकाच्या मूत्राशयाला जन्मापासूनच बाजूला एक पिशवी होती. तिच्यात लघवी तुंबून सारखं इन्फेक्शन, ताप. कॅन्सरबिन्सर काही नाही, हे कळेपर्यंत आमचा जीव टांगणीला. नुकतीच दुर्बिणीतून ती काढली. पोटावर 5 मिलिमीटरची तीन छिद्रं, बस्स.

डॉक्टरांचे आभार समोरच मानले. बाकीच्यांचे राहिले. पहाटे सीबीएस बसस्टँडवरून आणणारे, पैसेच न घेणारे रिक्षावाले मामा. स्वतःच्या डब्यातली भाकरी मला बळंच खायला लावणाऱ्या, शेजारच्या कॉटजवळच्या गडहिंग्लजच्या मावशी: "तू पडलीस तर पोराकडं कोण बघणार गं?" आणि कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला घाबरून पोरगं रडायला लागल्यावर नळीला जोडलेल्या पिशवीवर मार्करनं मिशीवाला पैलवान काढणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टर.

काल नळी निघाली. पैलवानाला घरी नेऊ दिलं नाही म्हणून पठ्ठ्या अजून रुसलाय.