आप्पांचं घोडी खातं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आप्पांच्या वर्षश्राद्धाला प्रत्येकाने त्यांची एक आठवण लिहून आणायची, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी माझी आधीच पाठवते आहे, कारण ती चारचौघांत वाचण्याआधी तुम्ही वाचावी असं वाटतं.

दिवाळीत माळ्यावरून आप्पांच्या लाल बांधणीच्या खतावण्या मी पुण्याला आणल्या. रोज रात्री थोडं थोडं वाचते. गिऱ्हाइकांच्या खात्यांमध्येच एक खातं आहे, 'घोडी खाते'. सुरुवातीच्या पानांवर हरभरा शेरात आहे, पुढे किलोत. आठवड्याचा गूळ, कोंडा, नालबंदाची मजुरी, नवा लगाम. दुकान आपलं, हरभऱ्याचं पोतं आपलं, तरी घोडीच्या तोंडी गेलेला दाणा आप्पांनी स्वतःच्या नावे उधार मांडला आहे. तोही खरेदीच्या भावाने नाही, गिऱ्हाइकाला द्यायचे त्याच भावाने! दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आत खातं चुकतं केलेलं आहे.

आप्पांनी दुकानाच्या पैशावर घोड्यांचे लाड केले, हे तुमच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले. बाबा, वह्या तसं सांगत नाहीत. तुम्ही एकदा स्वतः बघा.

आणि १९७२ चं पान जरूर बघा. त्या दुष्काळात तुम्ही धुळ्याला शिकत होतात, सुट्टीत घरी आलात तर तबेला रिकामा होता, हे मला आईने सांगितलं आहे. घोडी खात्यात तिथे दोनच शब्द आहेत, 'घोडी दिली'. आलेली रक्कम त्याच दिवशी दुकानात जमा आहे. त्यापुढची पानं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला जाणाऱ्यांच्या उधारीने भरली आहेत. तेल, मीठ, मिरची, डाळ पावशेर. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, रेशनवर मिळत होती, पण नुसत्या भाकरीवर घर चालत नाही, वरचं सगळं दुकानातूनच जायचं. त्यातली कितीतरी खाती पुढे जमेची एकही नोंद न करता आडवी रेघ मारून बंद केली आहेत. ती घोडी कुठे गेली, हे मला त्या रेघांवरून कळलं. तुम्हाला त्यांनी का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. पण तुमच्या कॉलेजच्या फीची नोंद त्याच महिन्यात, वेळेवर आहे.

दुसरी घोडी आली तोवर तुम्ही दुकानात बसायला लागला होतात. मला आठवतात ते तिच्यासोबतचे आप्पा. आधी पाणी, मग चारा, दाणा शेवटी, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं चुकीचं बाहेर येत नाही, म्हणून देणाऱ्याने जपायचं, असं ते मला भिजवलेले हरभरे मोजायला लावून सांगायचे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात ओठ उचलून दात बघायचे आणि वय सांगायचे. पाच वर्षांपर्यंत दात खरं सांगतात, त्यापुढे मालकाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवावं लागतं, हेही त्यांचंच. मारवाडी घोड्याच्या आत वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकली की त्यांचा चेहरा खुलायचा. नव्वदी उलटल्यावर विकत काही घ्यायचं नव्हतं, तरी रुमालाखाली बोटं धरून भाव करणाऱ्यांच्या शेजारी ते तासभर उभे राहायचे. सत्त्याण्णव वर्षांचं आयुष्य आणि सारंगखेड्याच्या शेवटच्या यात्रेलाही पायात त्याच जाड वहाणा.

आई, तू त्यांच्या धोतराला येणाऱ्या घोड्याच्या वासावरून कितीदा तरी कुरकुरलीस. पण ते आजारी असताना शेजारच्या टांगेवाल्याची घोडी अंगणात आणून उभी करायला तूच सांगितलंस. ते मी विसरणार नाही.

या दत्तजयंतीला मी येते आहे. बाबा, तुम्ही आणि मी सारंगखेड्याला जाऊ. आधी एकमुखी दत्ताचं दर्शन, मग बाजार. गर्दी वाढायच्या आत पोचायचं तर घरून लवकर निघावं लागेल, तेव्हा गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. खतावण्या मी सोबत आणते. आई, तूही चल, पुलावरून तापी दिसेल.

तुमची,
छोटी