नायक अजून मुंबईतच आहे

पोर्ट लुई, मॉरिशस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

माझी तब्येत ठणठणीत आहे. आईला सांगा, इथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, मोदकांची काळजी नको.

कादंबरी कुठवर आली, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून हे पत्र. नायक अजून जहाजात चढलेलाच नाही! रत्नागिरीकडचा गडी, गलबतातून मुंबईला आलेला, 1856 साली इथल्या उसाच्या मळ्यावर निघालेला. असल्या कादंबऱ्या सहसा जहाजापासून सुरू होतात: काळं पाणी, बंदरावर ऊर बडवणारी आई. मला ते पटत नाही. गाव तर त्याने आधीच सोडलंय. त्याचा पहिला परदेश मुंबईच.

इथे आप्रवासी घाट आहे, करारावर आलेले भारतीय मजूर उतरायचे तो. बंदरावरून आत जायला सोळा दगडी पायऱ्या. आलेली माणसं तिथे एक-दोन रात्री काढायची, मग मळ्यांवर रवानगी. 1834 ते 1920 या काळात जवळपास साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत: नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. पण मधल्या काळात मुंबईत तो कुठे निजला, कोणाच्या ओळखीने जेवला, याला रकानाच नाही. माझी कादंबरी तिथेच घडतेय.

करारात पगार महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. आजोबांच्या गिरणीत एका खाड्याला एकच दिवस जायचा ना?

गिरणीवरून आठवलं. ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली तीही 1856 मध्येच. म्हणजे हा पठ्ठ्या जरा थांबला असता तर कदाचित तिथेच चिकटला असता, आणि मग कादंबरीच झाली नसती. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी 1853 ची, ती त्याला दाखवता येते. रस्त्यावरचे गॅसचे दिवे मात्र 1865 चे, त्यामुळे रात्रीचे सगळे प्रसंग खोबरेल तेलाच्या मिणमिणत्या दिव्यात उरकावे लागतायत.

आता तुमचं काम. परळच्या खोलीबद्दल आजोबा जे सांगायचे ते सगळं लिहून पाठवा. पाळी बदलली की वळकटी कोण गुंडाळायचं, ट्रंका कुठे ठेवायचे, खाणावळीचा हिशेब कोणाकडे असायचा, गावी पैसे कोणाच्या हाती जायचे. आजोबांचा काळ बराच नंतरचा, हे कळतं मला. पण गावकऱ्यांच्या खोलीत नव्या पोराला पहिल्या रात्री दाराशीच जागा मिळते, हे 1856 मध्ये वेगळं असेल असं वाटत नाही.

शिवाय माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ कपाटात वरच्या फळीवर असेल. ते 1863 चं, म्हणजे माझ्या नायकाच्या मुंबईला अगदी लागून. शेजारच्या काकांचा जावई पुढच्या महिन्यात इकडे येतोय, त्याच्याकडे द्या. सोबत कोकमं आली तर उत्तमच. आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळवा.

सौ. आईस नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
मीना