रिबन सुटल्यानंतर

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. "चमचमते कपडे घालून रिबिनी फिरवायच्या, त्याचं कसलं आलंय विश्वविजेतेपद?" रिदमिक जिम्नॅस्टिक्सबद्दलचं हे वाक्य वाचून आधी चिडले, मग म्हटलं, हिला सविस्तरच लिहावं.

तुझं लक्ष जातं लवचिकतेकडे. पण पाय डोक्यापर्यंत तिथे सगळ्याच जणी नेतात गं! बघायचं ते हातातलं साधन: हूप, चेंडू, क्लब्स (बाटलीच्या आकाराच्या दोन दांड्या) नाहीतर सहा मीटर लांबीची रिबन. १३ बाय १३ मीटरचा गालिचा आणि जेमतेम दीड मिनिटाचं संगीत. साधन उंच भिरकावायचं, ते हवेत असताना खाली गिरक्या, कोलांट्या घ्यायच्या आणि मग झेलायचं. तेही हातांनीच असं नाही, नजरेआड, कधी पायांनी. झेल जितका अवघड तितके गुण जास्त, त्यामुळे प्रत्येक फेक म्हणजे जुगारच.

आणि निसटलं तर? जागच्या जागी उचललं तर अर्धा गुण जातो, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७, त्याहून लांब गेलं तर पूर्ण एक. संगीत मात्र कुणासाठी थांबत नाही. मला खरा खेळ दिसतो तो इथे. काही जणींचा चेहरा पडतो आणि पुढचे दोन झेलही जातात. काही जणी वाकून उचलतात आणि पुढच्याच ठेक्यावर हजर!

टोकियो ऑलिंपिक आठव. २००० ते २०१६ प्रत्येक ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण रशियाचंच. तिथे इस्रायलच्या लिनोय अश्रामच्या हातून शेवटच्या फेरीत रिबन पडली. तरी ती जिंकली, १०७.८०० विरुद्ध रशियाच्या दिना अवेरिनाचे १०७.६५०. रशियन गोटात केवढा संताप! मला विचारशील तर अश्रामचे कार्यक्रम मुळातच जास्त अवघड होते. अर्थात कलात्मकतेचे गुण पंचांच्या नजरेवर असतात, तेव्हा वाद राहणारच.

सध्या राज्य जर्मनीच्या दार्या वारफोलोमेयेवचं. जन्म सायबेरियातला, बाराव्या वर्षी जर्मनीत आली. २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक पाचही सुवर्णं तिचीच, मग पॅरिसचं ऑलिंपिक, आणि २०२५ ला रिओत पुन्हा विश्वविजेती.

पण रिओत मी गुंतले ती सांघिक स्पर्धेत. पाच जणी, पाच रिबिनी, एकीची फेक दुसरीने झेलायची. एक गाठ बसली की सगळंच विस्कटतं. एकूण गुणांत जपान पहिला आणि यजमान ब्राझील दुसरा. जागतिक स्पर्धेतलं ब्राझीलचं ते पहिलंच पदक! प्रेक्षकांचा गोंगाट विचारू नकोस.

पुढची स्पर्धा ऑगस्ट २०२६ मध्ये फ्रँकफुर्टला, म्हणजे वारफोलोमेयेवच्या घरच्या मैदानावर. बघशील ना? रिबनपासून सुरुवात करू नकोस, ती डोळ्यांना भुलवते. आधी क्लब्स बघ. दोन्ही एकदम हवेत गेल्या की मुलीकडे नको, क्लब्सकडेच बघत राहा, आणि मग मला लिही.

तुझी,
वैजू