वैध पासपोर्ट हातात असताना विमानात न घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
प्रवासी तक्रार निवारण विभाग

विषय : जर्मनी ते कॅनडा प्रवासात विमानात घेण्यास नकार दिल्याबद्दल नुकसानभरपाई व भाड्यातील फरकाची रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

मी कॅनडाची आणि जर्मनीची, अशी दोन्ही देशांची नागरिक आहे. दोन्ही पासपोर्ट मुदतीत आहेत, दोन्हींवर नाव एकच आहे आणि तिकिटावरही तेच आहे. तरीही आपल्या चेक-इन काउंटरवरून मला परत पाठवण्यात आले. फोनवर दाद मागून काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणून हे लेखी.

आपल्या संकेतस्थळावर बुकिंग करताना पासपोर्टच्या तपशिलासाठी एकच जागा आहे. तिथे माझा जर्मन पासपोर्ट नोंदलेला होता. दुसरा असल्यास तो कुठे लिहायचा, याबद्दल अवाक्षर नाही. काउंटरवर मी दोन्ही पासपोर्ट एकदमच पुढे ठेवले. तिथल्या बाईंनी जर्मन पासपोर्ट उचलला आणि त्याच्या तळाच्या दोन ओळी यंत्रातून सरकवल्या. पडद्यावर लाल पट्टी : ईटीए (कॅनडाची ऑनलाइन प्रवास-परवानगी) नाही. पुन्हा सरकवला, पुन्हा लाल पट्टी. कॅनडाचा पासपोर्ट कीबोर्डशेजारी तसाच मिटलेला पडून होता. "तो बघा, मी त्यावर जाणार आहे," असे सांगितल्यावर त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे ढकलला आणि म्हणाल्या, "तिकीट या पासपोर्टवर आहे."

तिकीट पासपोर्टवर नसते, नावावर असते. पासपोर्टचा तपशील चेक-इनच्या वेळी बदलता येतो आणि ते काम काउंटरचेच आहे.

मग पर्यवेक्षक आले. त्यांचा सल्ला असा की मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून ईटीएचा अर्ज करावा, "थोड्या वेळात येऊन जाईल." ईटीए ही व्हिसा न लागणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठीची परवानगी आहे. कॅनडाच्या नागरिकाला ती मिळतच नाही. म्हणजे ती मिळवायची तर मी माझ्याच देशाच्या सरकारपासून माझे नागरिकत्व लपवायचे, आणि हे मला सुचवणार कोण, तर आपला गणवेशातला माणूस! १० नोव्हेंबर २०१६ पासून कॅनडाच्या दुहेरी नागरिकांना विमानाने मायदेशी जाताना कॅनडाचा वैध पासपोर्ट लागतो. अमेरिकी पासपोर्ट असलेल्यांना तेवढी सूट आहे. नियमाला हवा असलेला नेमका तोच कागद माझ्या हातात होता. आणि हे काही कॅनडाचेच खूळ नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसारही तिथल्या नागरिकाने अमेरिकी पासपोर्टवरच देशात यायचे आणि देशाबाहेर जायचे असते.

कागदपत्रे नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, हे मला ठाऊक आहे. कर्मचारी कसून तपासतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न तपासण्याची. पासपोर्ट उघडलाच नाही, तर तपासले काय?

या वादात गेट बंद झाले. मला दुसऱ्या दिवशीचे विमान देण्यात आले, तेही भाड्यातला फरक माझ्याकडून वसूल करून. जेवण नाही, रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही, प्रवाशाच्या हक्कांची लेखी माहिती नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कर्मचाऱ्याने तोच कॅनडाचा पासपोर्ट त्याच यंत्रातून सरकवला आणि एकही प्रश्न न विचारता बोर्डिंग पास हातात ठेवला.

आपल्या मराठी ग्राहक सेवेवर फोन केला तेव्हा तर कहरच झाला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पण दोन पासपोर्ट ठेवणे मुळात बेकायदा नाही का?" भारतात ते चालत नाही, हे खरे आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजेही नागरिकत्व नव्हे. मी कॅनडाची नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केला आहे, पण इथे त्याचा संबंधच काय? कॅनडा १९७७ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य करतो आणि जर्मनीने २७ जून २०२४ पासून पहिले नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली आहे. भारताचा नियम या प्रवासाला लावण्याचे कारण नव्हते.

युरोपीय संघाच्या नियम २६१/२००४ प्रमाणे प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध विमानात न घेतल्यास, युरोपीय संघाबाहेर जाणाऱ्या ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासासाठी ६०० युरो भरपाई द्यावी लागते. प्रवासाची कागदपत्रे अपुरी असतील तर ती लागू होत नाही, आणि फोनवर आपण याच अपवादावर बोट ठेवलेत. माझी कागदपत्रे अपुरी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच कागदांवर आपणच मला नेले, याहून वेगळा पुरावा मी काय द्यावा?

तेव्हा ६०० युरो भरपाई, वसूल केलेला भाडेफरक आणि त्या रात्रीचा हॉटेल व जेवणाचा खर्च मला परत मिळावा. शिवाय बुकिंगच्या अर्जात जाताना आणि येताना वेगळा पासपोर्ट नोंदवण्याची सोय करा. कारण परतीलाही तीच गत झाली : कॅनडाच्या पासपोर्टवरून यंत्राने युरोपातून बाहेर पडण्याचे तिकीट मागितले. तिथल्या मुलीने मात्र आपणहून विचारले, "दुसरा पासपोर्ट आहे का?" जर्मन पासपोर्ट दाखवताच काम झाले. तिला जे सुचले, ते बाकीच्यांना प्रशिक्षणात शिकवता येईल.

दोन्ही बोर्डिंग पास, भाडेफरकाची पावती, हॉटेल व जेवणाची बिले आणि दोन्ही पासपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे, फोन करू नये. समाधानकारक उत्तर न आल्यास मी लुफ्टफार्ट-बुंडेसआम्टकडे, म्हणजे जर्मनीच्या हवाई वाहतूक प्राधिकरणाकडे, तक्रार नोंदवणार आहे.

आपली,
एक प्रवासी
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)