काकूंची धाप दम्याचीच कशावरून?

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल आत्ताच वाचली. काकूंना रात्री धाप लागते, छाती सूं-सूं वाजते, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून तू मेडिकलमधून दम्याचा पंप (इनहेलर) आणलास. आजवर कधी दमा नव्हता आणि सत्तरीत एकदम उपटला, हे माझ्या डॉक्टरी मनाला पटत नाही.

शिट्टी वाजते म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्यात, एवढंच कळतं. का झाल्या, ते शोधावं लागतं. दम्यात नळ्यांचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साठतो. श्वास सोडताना दोन्हीकडून वेगवेगळ्या सुरांत शिट्ट्या येतात आणि पंपाने बऱ्याचदा उतार पडतो. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बायकांना विडीला हात न लावताही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो; ती धाप पूर्ण जात नाही.

पण काकूंचं तू लिहिलंयस ते नीट वाच. आडवं झालं की घुसमटतं, उठून खिडकीशी बसलं की बरं वाटतं, उशा तीन लागतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. दिलीप, हे हृदयाचं असू शकतं. हृदयाची डावी बाजू कमजोर झाली की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत पाणी साठतं आणि अगदी दम्यासारखीच शिट्टी वाजते. तिथे पंपावर विसंबणं म्हणजे वेळ घालवणं, शिवाय त्याने छातीची धडधड वाढते. उद्याच त्यांना फिजिशियनकडे ने. ईसीजी, छातीचा एक्स-रे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घे. बीपीच्या गोळ्यांची पाकिटंही बरोबर ने, कारण बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्यांनी श्वासनळ्या आवळू शकतात.

छोट्या ओवीचंही विचारलंस. सर्दीबरोबर येणारी घरघर या वयात पुष्कळ मुलांना होते. मात्र खाता-खाता अचानक ठसका लागून एकाच बाजूला शिट्टी वाजायला लागली, तर शेंगदाणा अडकल्याची शंका घ्यायची. एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त राहायचं नाही, शेंगदाणा त्यात दिसत नाही. श्वास आत घेताना घोगरा, कर्कश आवाज आला तर अडथळा गळ्याशी असतो. तेव्हा घरी काही करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

आणि शिट्टी थांबली पण धाप तशीच, ओठ निळसर, बोलताना वाक्य पुरं होत नाही, असं कुणाचंही झालं तर बरं वाटतंय असं समजू नकोस. हवाच आत-बाहेर होत नसते. लगेच 108 लाव.

आज रात्री काकूंना घुसमट वाढली तर सकाळची वाट पाहू नकोस. रिपोर्ट आले की फोटो पाठव, कितीही वाजले तरी फोन कर.

तुझाच,
अविनाश